खंडेनवमीचा पहिला जॉब

ज्योतीरामला मिरवायची हौस फार. मराठवाड्यातून चाकणला आलेला माणूस, हाताला काम मिळालं, मोशीत दोन खोल्यांचं घर झालं, तरी आपण नुसते कामगार नाही हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडायची नाही. त्याच हौसेने घात केला. पण ते कळायला खंडेनवमीची दुपार यावी लागली.

चाकणच्या एका शेडमध्ये तो इंडक्शन हार्डनिंगचं मशीन चालवायचा. तांब्याच्या नळीचं एक वेटोळं, त्याला कॉइल म्हणायचं. कॉइलच्या मधोमध लोखंडी पिन उभी करायची, पायाने पेडल दाबायचं. जाळ नाही, धूर नाही, आणि बघता बघता पिन लालभडक. मग वरून पाण्याचा फवारा, की पिन कडक होऊन तयार. नवी पोरं आ वासून बघत राहायची.

यातली मेख त्याला दिव्याने समजावून सांगितली होती. दिव्या त्याची एकुलती एक मुलगी, तळेगावच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. "आप्पा, कॉइलमधली वीज सारखी उलटसुलट धावते. तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही तसंच बदलत राहतं. त्या बदलत्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगातच वीज उभी राहते. म्हणून तो आपोआप तापतो." ज्योतीरामला हे इतकं आवडलं की पुढे तो शेडमधल्या पोरांना ते स्वतःचंच असल्यासारखं ऐकवू लागला.

आणि त्याच्या जोडीला शिव्या. कारण मशीनपाशी अंगठी, कडं, घड्याळ काही चालायचं नाही. तशी पाटी लावलेली होती, पण पाटीपेक्षा ज्योतीरामचं तोंड जास्त कामाला यायचं. कुणाच्या मनगटात कडं दिसलं की तो खेकसायचा, "भावा, नुसता हात आत गेला तर काय होत न्हाई. पण कडं आत गेलं तर हात तुझा राहत न्हाई. काढ आधी!" त्याच्या मशीनवर आजवर कुणाला साधा चटकासुद्धा बसला नव्हता. शेडचे मालक शेखरसाहेब हे बाहेरच्या माणसांनाही सांगायचे आणि तेव्हा ज्योतीराम मान खाली घालून हसायचा.

दिव्याचं लग्न ठरलं ते चिंचवडच्या सुजितशी. मुलगा माणच्या आयटी पार्कात नोकरीला, वडील मधुसूदनराव बँकेतून निवृत्त, आई पद्माताई शाळेत शिक्षिका. साखरपुड्यात बोलता बोलता मधुसूदनरावांनी विचारलं, "तुम्ही कंपनीत सुपरवायझर का?" ज्योतीराम म्हणाला, "न्हाई, ऑपरेटर हाय मी." त्यावर मधुसूदनराव "अच्छा" म्हणाले आणि पाण्याचा ग्लास उचलला. माणूस वाईट नव्हता, त्यांच्या मनात काही नव्हतंही. पण ते "अच्छा" ज्योतीरामच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं.

म्हणून खंडेनवमीला त्याने व्याह्यांना शेडमध्ये बोलावलं. त्या दिवशी शेडमध्ये यंत्रांची पूजा असते, कामगारांची बायकापोरं येतात, पेढे वाटतात. पूजा झाली की नारळ फुटतो आणि प्रत्येक मशीनवर एकच जॉब, म्हणजे एकच नग, काढतात. तो पहिला जॉब विकायचा नसतो, वर्षभर ऑफिसातल्या देवापुढे ठेवायचा असतो. तो कुणाच्या हातून काढायचा हे त्या मशीनचा ऑपरेटर ठरवतो. ज्योतीरामने महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं, यंदाचा पहिला जॉब जावयाच्या हातून.

सकाळी त्याने मशीन धुऊन पुसून लख्ख केलं. कस्तुराने, त्याच्या बायकोने, झेंडूचा हातभर जाड हार केला होता. तो त्याने मशीनच्या सरकत्या दरवाजावरून सोडला. आता दरवाजा लावावा तर हार चेंगरतो, आणि दरवाजा उघडा राहिला तर मशीन चालत नाही, कारण दरवाजाला सेन्सर असतो. पूजेचा हार चेंगरून कसं चालेल? ज्योतीरामने कप्प्यातलं लहानसं चुंबक काढलं आणि सेन्सरला चिकटवलं. मशीनला वाटावं, दरवाजा बंद आहे. सेटिंगच्या वेळी सगळेच ऑपरेटर असं करतात, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

व्याही आले. सुजितने छान कुर्ता घातला होता. दिव्या आणि कस्तुरा इतर बायकांबरोबर जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. ज्योतीरामने व्याह्यांना मशीन दाखवलं, कॉइल दाखवली, दिव्याने शिकवलेलं सगळं घडाघडा सांगितलं. मधुसूदनराव खरोखरच रंगून गेले. "म्हणजे आगीशिवाय तापतं? कमाल आहे!" ते म्हणाले, आणि ज्योतीरामच्या घशातला काटा निघाला. इथेच थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण थांबेल तो ज्योतीराम कसला. त्याने पिन न ठेवताच मशीन चालू करून आपला मोकळा पंजा कॉइलच्या अगदी जवळ नेला. बायका किंचाळल्या. त्याने पंजा उलटासुलटा करून दाखवला. "बघा, माणसाच्या हाताला ह्येच्यापासून भ्या न्हाई. फक्त धातू तापतो." मग पेडलवरून पाय काढला आणि सुजितला पुढे बोलावलं.

सुजितने भिंतीवरची पाटी वाचली. उजव्या हातातली साखरपुड्याची अंगठी दाखवत त्याने हळूच विचारलं, "काका, ही काढायची ना?"

दुसरं कुणी असतं तर ज्योतीरामने हात धरून अंगठी उतरवून घेतली असती. पण ही अंगठी त्याच्याच घरची होती. घालताना ती घट्ट झाली, पेरावर अडकली, साबण लावावा लागला आणि सगळा हॉल हसला होता. तेव्हा कस्तुराने बजावलं होतं, "जावईबापू, आता हळद लागंपत्तुर काढायची न्हाई बरं का. अपशकुन व्हतो." आता भर पूजेत, व्याह्यांच्या देखत, त्या पोराला बोट ओढत उभं करायचं? आणि काम ते किती, पिन ठेवायची आणि हात मागे घ्यायचा. पेडल तर आपल्याच पायाखाली आहे.

"राहू द्या," ज्योतीराम म्हणाला. "आजच्या दिवसाला राहू द्या."

सुजितने पिन नीट उभी केली, हात मागे घेतला. शेखरसाहेबांनी नारळ फोडला. टाळ्या वाजल्या, कुणीतरी जयजयकार केला, आणि ज्योतीरामने हसत व्याह्यांकडे बघत पेडल दाबलं. त्याच घटकेला हारातलं एक फूल निखळून कॉइलवर पडलं. पूजेचं फूल जळेल म्हणून सुजितने ते उचलायला हात घातला. त्याला कशाची भीती वाटायची? माणसाच्या हाताला काही होत नाही, हे सासऱ्यानेच तर आत्ता दाखवलं होतं.

ती किंकाळी ज्योतीरामला आधी जयजयकारातलीच वाटली. मग वास आला. त्याने पाय उचलला, सुजितचा हात पाण्याच्या बादलीत कोंबला, पण घट्ट अंगठी निघता निघेना आणि तिच्याखालचं बोट तर केव्हाच भाजून निघालं होतं. पाणी चुर्रर्र वाजलं. तो आवाज ज्योतीराम रोज ऐकायचा, लोखंडाचा.

डॉक्टरांनी बोट काढलं. शेजारची दोन बोटं वाचली, पण ती वळत नव्हती आणि पुढे कितपत वळतील हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. शेखरसाहेबांनी विचारलं, दरवाजा उघडा असताना मशीन चाललंच कसं, तेव्हा ज्योतीरामने चुंबकाचंही सांगितलं आणि अंगठीचंही. काही लपवलं नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून त्याला पॅकिंगला बसवलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला एकच घोर लागला होता, आता दिव्याचं लग्न मोडणार. मोडलं तर त्यांचं काय चुकलं, असंही तो स्वतःला म्हणायचा, आणि पुन्हा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

दवाखान्यात तो रोज जायचा. मधुसूदनराव उठून खुर्ची द्यायचे, "बसा" म्हणायचे. एका शब्दानेही त्यांनी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. सुजितही "काका, जेवलात का?" विचारायचा. पण ज्योतीराम कॉटजवळ गेला की सुजितचा पट्टीतला हात आपोआप चादरीखाली सरकायचा. त्याला स्वतःला ते कळतही नसावं. ज्योतीरामला मात्र पहिल्याच दिवशी कळलं, आणि मग तो दारातूनच विचारपूस करून परतू लागला.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी दिव्या त्याच्यासमोर येऊन बसली. कस्तुरा मागे ओट्यापाशी उभी राहिली.

"आप्पा, लग्न ठरल्या तारखेलाच होणार आहे," दिव्या म्हणाली.

ज्योतीरामने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डोळे भरून आले. "लई मोठ्या मनाची माणसं," तो म्हणाला. "मी त्यांच्या पाया पडतो. आजच जातो."

"नका जाऊ." दिव्या जमिनीकडे बघत होती. "कन्यादानाला भिमाजीकाका आणि काकू बसतील."

भिमाजी त्याचा धाकटा भाऊ. ज्योतीरामला आधी समजलंच नाही. "भिमाजी का? मी हाय की."

"सुजित काही म्हणालेला नाही. त्याच्या घरचंही कुणी नाही. मीच ठरवलंय. तुम्ही जवळ गेलात की तो हात लपवतो, आप्पा. तुम्ही बघितलंय. बोहल्यावर तोच हात तुमच्या हातासमोर धरायचा त्याला. सगळ्या लोकांसमोर त्याने तो मागे घेतला तर?"

ओट्यापाशी कस्तुराने पदर तोंडाला लावला. ज्योतीरामने मान डोलावली. बरोबर होतं पोरीचं. एकेक शब्द बरोबर होता. तिच्या जन्मापासून त्याने त्या एका घटकेचं स्वप्न बघितलं होतं, आणि आता त्या घटकेला आपण कुठे उभं राहायचं हेसुद्धा त्याला विचारवेना.

"तुझाबी लई राग असंल माझ्यावर," तो शेवटी म्हणाला. "असू दे. बोल मला. मला म्हाईत होतं सगळं, आन तरी मी राहू द्या म्हणलो."

"मलाही माहीत होतं," दिव्या म्हणाली.

त्याने वर बघितलं.

"मी काय शिकवते कॉलेजात? धातूचं बंद कडं बदलत्या क्षेत्रात नेलं की काय होतं, हेच ना? मी पट्ट्याच्या पलीकडे उभी होते. त्याने तुम्हाला अंगठी दाखवली, ती मी बघितली. मी ओरडणार होते, आप्पा. तोंड उघडलंही होतं." तिचा आवाज फुटला. "मग म्हटलं, आप्पा आहेत ना तिथे. त्यांनी आजवर कुणाला चटका बसू दिला नाही. आणि मी टाळ्या वाजवल्या."

ज्योतीरामने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण तिच्यापर्यंत नेण्याचा धीर त्याला झाला नाही. दिव्या तोंड धुवायला मोरीत गेली, आणि नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.