चौथीचं बंद दार

शाळा सुटली की चौथीचं दार आतून बंद व्हायचं आणि इकडं तिसरी शिकवणाऱ्या मोहिनीबाई घरी जायचं सोडून ओट्यावरून त्या दाराकडं बघत बसायच्या.

हिंगणीच्या पलीकडली आमची शाळा ती केवढी, चार खोल्या आणि एक ओटा. तिथं लपवाछपवी कशाला? पण तळेगावहून बदलून चौथीवर आलेल्या मंजुषा मॅडम रोज पाच पोरांना मागं ठेवायच्या आणि डायरीत काहीतरी लिहायच्या. शेवटी मोहिनीबाईंनी खिचडी शिजवणाऱ्या अनुसयाबाईंना कानोसा घ्यायला पाठवलं.

“पाचही पोरं मागच्या साली तुमच्याच वर्गात होते जी,” अनुसयाबाई परत येऊन म्हणाल्या. “एकेकाकडून वाचून घेऊन राह्यल्या बाप्पा.”

झालं. मोहिनीबाईंचं जेवणावरून मन उडालं. मागच्या मार्चात तिसरीच्या वाचन चाचणीच्या तक्त्यात त्यांनी एकोणीसच्या एकोणीस पोरांपुढं ‘परिच्छेद वाचतो’ असं ठोकून दिलं होतं. खरं म्हणाल तर या पाचांची गाडी अक्षरांपुढं गेलीच नव्हती. कोण नाही करत असं? वरून कागद मागतात, खालून कागद जातो. पण ही बाई पुरावा गोळा करत असेल तर? केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ती डायरी पडली, की बावीस वर्षांच्या नोकरीला बट्टा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मंजुषा मॅडमनं नमस्कार केला तरी यांना त्यात टोमणा दिसायचा, आणि नाही केला तर मग बघायलाच नको.

सोमवारी मंजुषा मॅडम सेलूला बैठकीला गेल्या. दुपारच्या सुट्टीत मोहिनीबाईंनी चौथीचं कपाट उघडलं, डायरी काढली आणि उभ्याउभ्याच चाळली. त्यांचं नाव कुठंच नव्हतं. तक्रार नाही, मागचं उगाळणं नाही. नुसत्या तारखा आणि पोरांची नावं. ‘सपना आज अडखळली नाही.’ ‘अंकितनं विहीर हा शब्द एकट्यानं वाचला. त्याला म्हशींचं वेड आहे, म्हशीची एक गोष्ट लिहून देणे.’

मोहिनीबाईंच्या जिवात जीव आला. उगाच दोन महिने रक्त आटवलं म्हणत त्या एकट्याच हसल्या.

वळून बघतात तर दारात अंकित. पाण्याची बाटली न्यायला आला होता.

“काय रे,” त्यांनी डायरी पदराआड केली, “तुझ्या मॅडम माझं काही विचारतात?”

“हाव. तिसरीत कोणत्या मॅडम होत्या म्हणून विचारलं.”

“मग तू काय सांगतलं?”

“चांगलंच सांगतलं जी. मले वाचता येत नाई हे मोहिनी मॅडमले माहीत होतं, पण त्यायनं वर्षभर कोणाले सांगतलं नाई.”

एवढं बोलून तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला. मोहिनीबाईंना इतकी शरम वाटली, की डायरी कपाटात परत ठेवायच्या निमित्तानं त्यांनी त्याच्याकडं पाठ केली.