कपाटातली ठिपक्यांची पाटी

१२ फेब्रुवारी १९३४, सकाळचे अकरा. सोलापुरातल्या एका शाळेच्या पायऱ्या तपासणीसाहेब चढत होते, तेव्हा चन्नवीर मास्तरांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावले.

मित्रांनो, मी अंध मुलांसाठी केलेली एक जुनी लाकडी पाटी आहे. मास्तरांनीच मला घडवून घेतले. मागांची कामे करणाऱ्या ईरप्पा सुताराने माझ्यात बारीक खळगे कोरले आणि वर चौकोनी भोकांची पितळी पट्टी बसवली. पट्टीखाली पुठ्ठा ठेवून दाभणाने टोचले, की मागे ठिपके उठतात. बोटांनी ते वाचायचे. ही लिपी मास्तर मुंबईहून शिकून आले, वर्गातल्या गुलबानोसाठी. देवीच्या आजारात तिची दृष्टी गेली होती.

तिचे वडील नबीलाल विणकर. साडीच्या काठाच्या नक्षीला लागणाऱ्या जाड पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे ते आणत. दोन वर्षांत गुलबानो सफाईने लिहू लागली. एक मुलगा मला चाळणी म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, "माज्या चाळणीत अक्षरं ऱ्हात्यात. तुज्या डोक्यातनं गळत्यात की."

ती वरच्या वर्गात जाणार की घरी बसणार, हे त्या दिवशी ठरायचे होते. पण शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत मी नव्हते, आणि नोंद नसलेली वस्तू तपासणीत दिसू द्यायची नाही, हा मास्तरांचा शिरस्ता. फुटका पृथ्वीगोल आणि मी एकाच फळीवर होतो.

गुलबानोने पाढे म्हटले, कविता म्हटल्या. साहेब खूश झाले. मग त्यांनी विचारले, हिला लिहिता येते का?

"मास्तर, माजी पाटी द्या की," गुलबानो म्हणाली. "लिवून दावते."

"पाटी?" मास्तर म्हणाले. "कसली पाटी, बाळ?"

गुलबानोने पुढे केलेला हात खाली घेतला.

साहेबांनी शेरा लिहिला: स्मरण उत्तम, लेखन नाही, वरच्या वर्गास अपात्र. मास्तरांच्या शिकवण्याची मात्र स्तुती झाली.

दुसऱ्या दिवसापासून गुलबानो आली नाही. ती घरी वडिलांच्या मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळून भरते, असे मुलांच्या बोलण्यातून कळले. जूनमध्ये मास्तरांनी मला नोंदवहीत चढवले: 'लाकडी फळी, एक. वापरात नाही.'

मित्रांनो, माझी धूळ झटका, असे मी म्हणणार नाही. जी वस्तू ज्याच्यासाठी केली, ती गरजेच्या वेळी त्याच्या हाती असू द्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी गुलबानोने लिहिलेला पुठ्ठा अजून माझ्या पट्टीखाली आहे. त्यावर दीड ओळ आहे. ती वाचू शकणारा शाळेत एकच माणूस आहे. काल मास्तरांनी खडू घ्यायला कपाट उघडले. पुठ्ठा त्यांना दिसला. त्यांनी तो काढला नाही.