शिंप्याच्या ताटातला बाळाचा चमचा

मी एक छोटा चमचा बोलतोय. स्टीलचा, दांडीवर ससा असलेला. मला आणलं होतं बाळाला भरवायला. पण पुढे मी त्याच्या बाबांच्या ताटात गेलो, तो तिथंच राहिलो.

बाबा शिंपी. मशीनवर बसले की गालात सुपारी. आधी त्यांना तिखट झोंबायला लागलं, मग गाल आतून चामड्यासारखे ताठ झाले, आणि शेवटी तोंडच उघडेना. मोठा चमचा दातांवर आपटायचा. मी मात्र घासत का होईना, आत जायचो.

"बाळापेक्षा तुम्हीच जास्त सांडता," बाळाची आई म्हणायची. ते हसायला जायचे, पण गाल साथ द्यायचे नाहीत.

तोंडाच्या लेझर ऑपरेशनच्या दिवशी मी बाळाच्या आईच्या पिशवीत होतो. पिशवी पोटाशी धरून ती दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "लेझरनं आतले ताठ पट्टे मोकळे केलेत. तोंड उघडलंय. आता सुपारी बंद, आणि या लाकडी पट्ट्यांची जुडी रोज दातांत धरायची. दुखलं तरी. नाहीतर जखम भरता भरता तोंड पुन्हा आवळेल."

"बरं," ती म्हणाली. रडली नाही, हसली नाही.

घरी जुडी दातांत गेली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सासूबाई म्हणायच्या, "पुरे गं, किती छळशील माझ्या लेकाला." मग जुडी बारीक व्हावी म्हणून ती एखादी पट्टी हळूच काढून पिठाच्या डब्यामागे ठेवू लागली.

"आज कमी दुखतंय," ते म्हणायचे.

"जखम भरतेय," ती म्हणायची.

खरं काय ते आधी मला कळलं. मऊ भात घेऊन आत जाताना त्यांचे दात मला पुन्हा लागले. टक्. तिचा हात थांबला. तिनं मला पुन्हा आत नेलं. टक्.

ती उठली, डब्यामागच्या सगळ्या पट्ट्या काढून धुतल्या, जुडीत घातल्या.

"अहो, आ करा."

"आज एवढ्या?"

"मीच काढून ठेवत होते."

"का गं?"

"तुम्हाला दुखायचं म्हणून."

"आणि आता?"

"आता दुखू दे."

त्यांनी आ केला. शेजारी बसलेल्या बाळाला तो खेळ वाटला, त्यानंही भलामोठा आ केला. तिनं एका हातानं जुडी धरली, दुसऱ्या हातानं त्यांचे डोळे पुसले. तिचा चेहरा कोऱ्या कापडासारखा.

तेव्हापासून जुडी पुरी असते. मी अजून दातांना लागतो, कधी जोरात, कधी निसटता. भरवताना ती त्यांच्याकडे बघत नाही. कान देऊन ऐकते.

माझं मागणं एवढंच. एक दिवस मला आवाज न होता आत जाऊ द्या. मग त्यांच्या ताटात मोठा चमचा ठेवा, आणि मला खणात टाकून खुशाल विसरून जा.