पडद्याची आंघोळ

मी पडदा बोलतोय. पडद्यामागचा कुणी नव्हे, खुद्द पडदा. आपल्या जुन्या सभागृहाचा, डाळिंबी मखमलीचा. सध्या एका पोत्यात कोंबलेला आहे, त्यामुळे आवाज दबका येत असेल. तेवढं सांभाळून घ्या.

माझ्या ऐटीच्या काळात लोक मलाच बघायला येतात, असं मी समजायचो. नाटक बघायला येतात हे फार उशिरा कळलं! मला ओढायचा तो पडदेकाका. विंगेत उभा राहून दोर ओढायचा. रडण्याचा प्रसंग असला की मला सावकाश मिटायचा, हसण्याचा असला की झटक्यात. एकदा खिळ्याला अडकून मी टरकन फाटलो, तेव्हा त्याच्या बायकोने स्टेजवर मांडी ठोकून मला शिवलं. "मेल्या, जड तरी किती रे तू!" म्हणत होती. पुढे ती गेली. तो मात्र खेळ संपला की त्या शिवणीवरून हात फिरवायचा.

मग छप्पर गळायला लागलं, खुर्च्यांना वाळवी लागली, सभागृहाला कुलूप बसलं. पाडून तिथे दुकानं काढायची बोलणी सुरू झाली, तेव्हा कुठे गाव जागं झालं. दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. मास्तर, गवंडी, दुकानदार सुट्टीचा आराम सोडून येऊ लागले. कुणी पत्रे बदलले, कुणी खुर्च्या घासल्या. एकमेकांची थट्टा करत राबत होते बिचारे. खरं सांगतो, मला भरून आलं.

बाईंनी काकाला शब्द दिला होता, "पहिला पडदा तुम्हीच उघडायचा." म्हातारा हरखून गेला. दोराला तेल लावायला रोज यायला लागला.

सगळं लख्ख झालं, मी तेवढा कळकट उरलो. "काका, धुऊ या का याला?" बाईंनी विचारलं.

"धुवा की! एवढं घरचं कार्य, आणि मी पारोसा पडदा उघडू होय?"

अरे, नको रे बाबांनो! माझी मखमल केव्हाच विरली होती. इतक्या वर्षांच्या धुळीनेच मला धरून ठेवलं होतं. पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, काकालासुद्धा नाही. मागच्या अंगणात हौद भरला, साबण पडला, बाह्या सरसावून सगळे भिडले. पाणी काळं व्हायला लागलं तशी मंडळी टाळ्या पिटत होती. मग मला उचलायला गेले आणि मी त्यांच्या हातातच लगदा झालो.

बाई रडायलाच लागल्या. काका कोपरापर्यंत हात घालून हौदात ती शिवण शोधत राहिला. हाती आला नुसता दोरा.

"असू द्या बाई," तो म्हणाला. "मीच ना म्हणालो धुवा म्हणून."

नवा पडदा आला. हलका, बटणावर सरकणारा. उद्घाटनाच्या दिवशी बाईंनी काकाला हाताला धरून विंगेत नेलं. "दाबा काका."

त्याने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "तुम्हीच दाबा. माझ्या हाताला वजन लागतं हो."

बाईंनी दाबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सभागृह वाचलं, त्याला मी वाईट कसं म्हणू?

पण काका त्यानंतर फिरकलाच नाही. काल त्याची सून बाईंना सांगत होती, "सकाळी आवरून, कपडे करून दारात बसतात. कुठे निघालात विचारलं, तर म्हणतात, आज सुट्टी आहे."

उद्या कचऱ्याची गाडी येईल. मला खुशाल न्या, माझं काही म्हणणं नाही. पण बाई, त्याला बोलावून घ्या. दारं उघडायला म्हणा, दिवे मालवायला म्हणा, काहीही म्हणा. एवढी सुट्टी त्याला सोसायची नाही.