फुंकरीवर चालणारी होडी

“फूऽऽऽ!”

श्रीनिवासजींनी पेट्रोलच्या टाकीत फुंकर मारली आणि होडीतल्या झाडून सगळ्या उच्चशिक्षित मराठी माणसांनी हात जोडले. जयप्रकाशने मोटरची दोरी खेचली. मोटर भुर्रकन सुरू झाली आणि लायडनच्या कालव्यात श्रीनिवास महाराजांचा जयजयकार घुमला. पुलावरच्या दोन डच आजीबाईंना हा आमचा काही सणवार वाटला असावा, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मी तेवढी गप्प होते. उगाच जय म्हणायची मला मेली सवयच नाही.

होडी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाची, जयप्रकाशची, हौसेने जुनी घेतलेली. त्या उन्हाळ्यात सहलीला निघालं की थोड्या वेळात तिची मोटर आचके द्यायची आणि बंद पडायची. नुसती मोटर काढून तो दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला, तर तिथल्या टाकीवर ती गुणी बाळासारखी चालली. मग कुणीतरी रॉटरडॅमहून श्रीनिवासजींना बोलावलं. पूर्वी सॉफ्टवेअर तपासायचे, आता ‘ऊर्जाशुद्धी’ करतात.

“सतराव्या शतकातला डच खलाशी आहे,” त्यांनी डोळे मिटून सांगितलं. “अतृप्त आहे.”

“आणि त्याला संस्कृत मंत्र कळतो?” मी विचारलं.

“आत्म्याला भाषा नसते, ताई.”

“मग मंत्र तरी कशाला?”

जयप्रकाशने मला डोळ्यांनीच गप्प केलं. श्रीनिवासजींनी टाकीचं झाकण फिरवलं. आतून ‘सुस्स’ आवाज आला. “ऐकलंत? गेला!” मग फुंकर, मग भुर्र. खलाशी मात्र भारी चिवट, चार पूल गेले की परत हजर. त्यामुळे प्रत्येक सहलीला महाराज हवेतच.

इथवर मला गंमतच वाटत होती. पण एकदा श्रीनिवासजींनी विचारलं, “होडीत कोण असलं की मोटर अडते?”

जयप्रकाश आठवून म्हणाला, “आम्ही मित्रमित्र जातो तेव्हा नाही अडत. मृण्मयी असली की अडते.”

“तिच्याच पावलांनी येतो तो!”

मृण्मयी नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच इथे आलेली. घरून डबे करून द्यायची. सहलीचं खाणं तिचं, आणि मंडळाच्या गणपतीचं जेवण हे तिला मिळालेलं पहिलं मोठं काम. जिच्या कोथिंबीर वडीवर सगळे तुटून पडायचे, तिच्यापासून आता बायका सरकून बसू लागल्या. ग्रुपवर जयप्रकाशने लिहिलं, ‘पावलांचा विषय मिटेपर्यंत मृण्मयीने होडीत येऊ नये. गणपतीचं जेवणही दुसरीकडे देतोय. गैरसमज नको हं.’

ती माझ्याकडे आली ती रडतच. “ताई, मी नसले की मोटर चालते हे खरंय. माझ्यात खरंच काही वाईट असेल का हो?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शिकलेली, कष्टाळू पोर, आणि स्वतःवरच संशय घ्यायला लागली!

तशाही स्थितीत तिने माझ्यासाठी उसळ आणली होती. डब्याचं झाकण काही केल्या निघेना. तिने कडेला चमचा घातला. सुस्स! झाकण निघालं.

“गरम असताना बंद केला होता ना,” ती डोळे पुसत म्हणाली. “गार झाला की झाकण आत ओढलं जातं.”

अगं बाई! आवाज तोच की!

“मृण्मयी, होडीत तुझे डबे कुठे असतात?”

“मागे, टाकीशेजारी. जयप्रकाशदादा टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू आवळून टाकतात. खाण्याला पेट्रोलचा वास लागतो म्हणून.”

रविवारी मी मृण्मयीला डब्यांसकट काठावरच उभं केलं. स्क्रू मी स्वतः आवळला आणि आम्ही निघालो.

“आज निर्विघ्न,” श्रीनिवासजी म्हणाले. थोड्याच वेळात मोटर आचके देऊन बंद पडली. मृण्मयी काठाकाठाने चालत येत होती.

“आता कुणाची पावलं?” मी विचारलं. “फुंका महाराज. पण झाकण न उघडता.”

“मंत्राला वाट लागते, ताई.”

“खलाशाला लागत नाही ती?”

एकजण फिस्सकन हसला. महाराज लाल होईपर्यंत झाकणावर फुंकत राहिले आणि जयप्रकाश दोरी खेचत राहिला. मोटर ढिम्म. मग मी काही न पुटपुटता स्क्रू सैल केला. सुस्स. एका ओढीत मोटर सुरू.

“मोटर पेट्रोल पिते तेवढी हवा टाकीत जायला हवी,” मी सांगितलं. “हा स्क्रू त्यासाठीच आहे. आवळला की आत ओढ बसते आणि पेट्रोल येईनासं होतं. महाराज झाकण उघडायचे, हवा आत जायची. फुंकर नुसती शोभेची. दुकानातली टाकी दुसरी, आणि तुम्ही मित्र जाता तेव्हा डबे नसतात, म्हणून स्क्रू उघडाच.”

महाराजांना एकदम रॉटरडॅमची गाडी आठवली. त्यांना उतरवून मृण्मयीला घेतलं, डब्यांसकट, स्क्रू उघडा ठेवून. मोटर एकदाही अडली नाही.

“गणपतीचं जेवण तुझंच बरं का,” जयप्रकाश ओशाळून म्हणाला.

“ते करीन मी,” ती म्हणाली. “पण माझ्या पावलांबद्दल ग्रुपवर लिहिलंत, ते चूक होतं असंही तिथेच लिहा. आत्ता.”

त्याने मुकाट्याने फोन काढला. तो लिहीपर्यंत तिने एकही डबा उघडला नाही.

बाबांनो, यंत्र अडलं तर यंत्र तपासा. माणसाला होडीतून उतरवू नका.