निळ्याऐवजी हिरवा

सुमंतनं नगररचना खात्यात बत्तीस वर्षं काढली, आणि त्यातली निदान वीस वर्षं तरी आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं या समजुतीत काढली. समजूत अगदीच खोटी नव्हती, हेच वाईट झालं. मठ्ठ माणसाच्या हातून एवढी चूक होत नाही, तो सांगितलेलं काम करतो आणि घरी जातो. सुमंत मात्र डोकं चालवायचा. निवृत्त होऊन तो साताऱ्याला राहायला आला तेव्हा त्याच्या निरोप समारंभात जे कौतुक झालं, ते या डोकं चालवण्याचंच झालं.

मार्चमध्ये एका सकाळी त्याला कनकापूरहून बनुबाईचा फोन आला. सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं हे नगरपालिकेचं गाव. तिथला विकास आराखडा सुमंतनं केला होता. तेव्हा पाहणीला फिरताना त्यानं भेटेल त्याला आपला नंबर दिला होता, आणि तो जपून ठेवणारी बनुबाई एकटीच निघाली. खानावळीला भाकऱ्या पुरवणारी ही बाई, उगाच फोन करणाऱ्यातली नव्हती.

"सायेब, मानसिंगदादाच्या खालच्या रानात मुरूम पडतुया," ती म्हणाली. "रोज धा-बारा डंपर. तुमी तर म्हनला हुता, हितं कवाच कुनी घर बांदनार न्हाई."

बघतो, म्हणून त्यानं फोन ठेवला. पण बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

गोष्ट अशी. कनकापूरला एक ओढा कृष्णेला मिळतो. मिळण्याआधी तो वळण घेतो, त्या वळणावर एका अंगाला मानसिंगचं चार एकर खालचं रान, दुसऱ्या अंगाला बनुबाईचं घर असलेली बावीस घरांची ओळ. कृष्णा चढली की ओढ्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलटं फिरतं. हा फुगवटा आधी खालच्या रानात जाऊन बसतो, ऐसपैस पसरतो आणि पूर उतरला की निघून जातो. हे सगळं सुमंतला पाहणीच्या वेळी बनुबाईनंच सांगितलं होतं, उंबऱ्यात उभं राहून, हातानं दाखवत. त्यानं ते तिथंच आपल्या क्षेत्रवहीत लिहून घेतलं आणि पुढं लिहिलं, 'नकाशात निळा दाखवणे.'

निळा म्हणजे पाणी. निळा दाखवला की दोन्ही काठांना मोकळी पट्टी सोडावी लागते, तिथं वीटसुद्धा ठेवता येत नाही. ओढ्याकाठी निम्म्या नगरसेवकांच्या सोयऱ्याधायऱ्यांचे प्लॉट होते. सभेत असा गोंधळ झाला की वरिष्ठांनी सुमंतला बाजूला घेतलं आणि काहीतरी मार्ग काढा म्हणून सांगितलं. सुमंतनं तो रात्रीत काढलासुद्धा. निळा रंग त्यानं गाळलाच, आणि त्याच चार एकरांवर हिरवा भरून 'खेळाचं मैदान' असं आरक्षण टाकलं. चार महिने पाणी बसेल, आठ महिने पोरं खेळतील, जागा मोकळी राहिल्याशी कारण. आराखडा विनातक्रार मंजूर झाला. पुढं नव्या पोरांच्या प्रशिक्षण वर्गात तो ही हकीकत रंगवून सांगायचा. निळा दाखवला की लोक भांडतात, हिरवा दाखवला की टाळ्या वाजवतात, असं म्हणायचा आणि वर्ग हसायचा.

पण निळा नदीचा असतो, तो कुणी पुसू शकत नाही. हिरवा नगरपालिकेचा. नगरपालिकेनं ती जागा ताब्यात घ्यायला हवी. दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यावरही पालिका झोपून राहिली तर आरक्षण आपोआप गळून पडतं. कायद्याचं हे कलम सुमंतला तोंडपाठ होतं. आपली नगरपालिका झोपणार नाही, एवढंच त्यानं गृहीत धरलं होतं. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसानं हे गृहीत धरावं, याला काय म्हणायचं?

दोन हजार एकोणीसच्या महापुरात बनुबाईचा फोन आला होता. पाणी खालच्या रानात बसलंय आणि आमच्या पायरीला लागून थांबलंय, असं सांगायला. त्या दिवशी सुमंत घरभर हिंडत होता, त्याला कुठं बसवत नव्हतं इतका तो खूश होता. त्याच सुमारास मानसिंगची नोटीस पालिकेत येऊन पडली होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मार्चमधल्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तो एसटीनं कनकापूरला गेला. रानात मानसिंगच भेटला. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, ताठ पाठीचा माणूस. सुमंतला वाटलं होतं तो अंगावर येईल. त्यानं आधी चहा मागवला.

"सायेब, मी सरहद्दीवर हुतो तवा तुमी माझ्या रानावर रंग मारला," तो म्हणाला. "ना इकता आलं, ना बांदता आलं. पोरगी डाक्टर झाली, प्रियदर्शनी. तिला हितं दवाखाना काडायचा हुता. परवानगी न्हाई मिळाली, गेली ती पुन्याला. वीस वरसात हितं मैदान तर झालं का? एक पोरगं खेळलं का? आता सुटलंय, तर तुमी मला पुन्यांदा आडवाया आलाय व्हय?"

सुमंतनं रानाकडं बघितलं. सहा फूट भराव झाला होता, त्यावर रोलर फिरत होता. मानसिंगचं काही चुकलेलं नाही, हे त्याला चहा पिता पिता पुरतं पटलं आणि फार वाईट वाटलं. माणूस लबाड असता तर भांडता तरी आलं असतं.

पालिकेत नगररचनाकार म्हणून अपूर्वा होती, त्याच्याच प्रशिक्षण वर्गातली. तिनं त्याला खुर्ची दिली आणि फायली काढून दाखवल्या. आरक्षण गळालं, सुधारित आराखड्यात जागा पिवळी झाली, पिवळं म्हणजे राहण्याची घरं. सगळं नियमात बसवलेलं होतं. पाणी तिथं बसतं याला कागद काय, असं तिनं विचारलं. पूररेषा आखली होती ती नदीची. ओढ्याचा हा फुगवटा कुणी मोजलाच नव्हता, कारण नकाशावर तिथं पाणीच नव्हतं. पंचनामे पडलेल्या घरांचे आणि बुडालेल्या पिकांचे झाले होते. रिकाम्या रानाचा पंचनामा कोण करतो? आराखड्यावर हरकती घेण्याची मुदत अजून आठ दिवस आहे, तेवढं करा, असं ती हळूच म्हणाली.

कागद एकच होता. ती क्षेत्रवही सुमंतनं निवृत्त होताना घरी आणली होती. ती पुढं करायची म्हणजे, पाणी माहीत असून मी ते नकाशातून गाळलं, असं चारचौघांत कबूल करायचं. तीन दिवस त्यानं ती वही नुसती टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशी त्यानं हरकत लिहिली.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. भिंतीवर सुधारित आराखडा टाचलेला, समोर समितीचे तिघे. सुमंतला चार मिनिटं मिळाली. त्यानं काही लपवलं नाही, सरळ सगळं सांगितलं आणि वही पुढं ठेवली. समितीच्या अध्यक्षांनी पान वाचलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि मंजूर नकाशावरची सही?"

"तीही माझीच."

"मग आम्ही तुमच्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा?" अध्यक्ष म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "नकाशा शासनानं मंजूर केलेला आहे. वही तुमच्या घरातली आहे."

हरकतीची नोंद घेतली, असं लिहून पुढचं नाव पुकारलं. नोंद घेतली म्हणजे काय, हे सुमंतइतकं त्या सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंही असं शेकडो अर्जांवर लिहिलं होतं.

बनुबाई मागच्या बाकावर बसली होती. खाडा करून आली होती. जेवायच्या सुट्टीत सभागृह रिकामं झालं तेव्हा ती त्याच्याजवळ आली. रागावली असती तरी चाललं असतं, पण ती कामाचंच बोलली.

"मग आता जोतं किती फूट वर घिऊ, सायेब?"

सुमंतनं मनातल्या मनात हिशेब केला. चार एकरांत पसरणारं पाणी आता बावीस घरांच्या त्या अरुंद पट्टीत येणार. उत्तर तिच्या पत्र्याच्याही वर जात होतं.

"जोतं उचलून भागायचं नाही, बनुबाई. घर सोडावं लागेल. तुम्हालाच नाही, सगळ्या ओळीला."

"आन जायाचं कुटं?" तिनं भिंतीकडं बोट केलं. "गावाचा नकाशा तुमालाच ठावा. आमची जागा कुटं हाय तेवडी दावा, बास."

तो नकाशाजवळ गेला. वरच्या अंगाला, माळावर, त्यानं गरिबांच्या घरांसाठीही एक तुकडा राखला होता. तोही त्याच कलमानं गळाला होता आणि त्यावर मंगल कार्यालयाचं नाव होतं. त्याच्या पलीकडं पिवळं, खाली पिवळं, मग साखर कारखान्याची हद्द, मग नदी. बनुबाईला नकाशा वाचता येत नव्हता. ती फक्त त्याच्या बोटाकडं बघत होती, बोट थांबेल ती आपली जागा, अशा नजरेनं. सुमंतला थांबायला कुठं जागा दिसेना, आणि तिच्या देखत बोट खालीही घेता येईना. तो गावावरून बोट फिरवत राहिला.