आधी कान लावून बघ

हॅलो, येतंय का ऐकू? मी गेटवे बोलतोय. फोनवरचा आवाज घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालून कॉम्प्युटरच्या जाळ्यात सोडायचे, आणि पलीकडे माझ्यासारख्याच दुसऱ्या पेटीने ते पुन्हा जोडून माणसाच्या कानात घालायचे, हा आमचा धंदा.

माझा जन्म हडपसरचा, सन दोन हजारचा. एका छोट्या कंपनीत अक्षता गजभिये नावाच्या इंजिनिअर मुलीने मला घडवलं. बाहेरून मी नुसता पत्र्याचा डबा; अक्कल सगळी तिने घातलेली. रोज सकाळी बटण दाबताना म्हणायची, "चल रे राजा, आज तरी नीट बोल."

मी बोलायचो, पण तोतरा. बंगळूरच्या ऑफिसला फोन लावला की निम्मे शब्द वाटेत गळायचे. तिचे साहेब, अनिरुद्ध लिमये, एकदा रिसीव्हर कानाला लावून म्हणाले, "समोरचा बोलतोय की गुळण्या करतोय?" मग हळूच म्हणाले, "सोमवारी गिऱ्हाईक बघायला येतंय. जमलं नाही तर हे काम बंद करावं लागेल, अक्षता."

शनिवारी सुट्टी होती. ऑफिसात ती आणि मी, दोघंच. दुपारी तिची आई डबा घेऊन आली. कुसुमताई लग्न होऊन नागपूरहून पुण्यात आल्या आणि तीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडत राहिल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या.

"अगं, जेवायचंही सुचत नाही का?"

"आई, हा जवळची वाट धरतो, मुंबईवरून. तिथे गर्दी झाली की तुकडे उशिरा पोचतात."

"मग लांबून पाठव."

"हैदराबादवरून? तिथे गर्दी नसेल कशावरून?"

"आधी कान लावून बघायचं! आम्ही लाइन ऐकायचो. खरखर असली की दुसरी घ्यायचो, आणि मगच माणसाला जोडून द्यायचो. तुझा हा ऐकतो कुठे? नुसता धावत सुटतो."

अक्षताचा घास हातातच राहिला.

तिने मला कान दिले. फोन जोडण्याआधी प्रत्येक वाटेवर चार रिकामे तुकडे धाडायचे, किती परत आले, किती वेळाने आले ते पाहायचं, आणि मग वाट निवडायची. रविवारी दुपारी पहिला फोन कुसुमताईंनीच लावला. बंगळूरहून चेतन नावाचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही शेजारच्या खोलीतून बोलताय का?" कुसुमताईंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि लेकीकडे बघून नुसती मान हलवली.

सोमवार निभावला. पुढे माझ्या या युक्तीचं पेटंट घ्यायचं ठरलं. अर्जावर अक्षताने शोधकांची दोन नावं लिहिली.

"आईंचं नाव कसं घालणार? त्या आपल्या कंपनीत नाहीत," लिमये म्हणाले.

"कल्पना तिची आहे, सर. तिचं नाव नसेल तर माझंही नको."

लिमयांनी तिच्याकडे बघितलं, वकिलांना फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोलवा त्यांना."

कुसुमताई इस्त्रीची साडी नेसून आल्या. लिमयांनी स्वतः उठून खुर्ची सरकवली. "बसा. पहिली सही आपली."

त्यांनी पेन हातात घेतलं. "तीस वर्षं लोकांनी माझा आवाज ऐकला हो. नाव कुणी विचारलं नव्हतं."

मग सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

मी दहा वर्षं राबलो. पुढे माझ्याहून लहान, चलाख पेट्या आल्या. आता तर सगळं तुमच्या खिशातल्या फोनमध्येच मावतं. कंपनीने मला कर्वेनगरच्या एका कॉलेजला देऊन टाकलं. पोरं मला उघडतात, आत डोकावतात, स्क्रू हरवतात. माझी तक्रार नाही.

आज अक्षता इथे व्याख्यानाला आली आहे, आणि सोबत कुसुमताई. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पूर्वी केवढा तापायचा गं हा. आज गारच आहे."

"बंद असतो, आजी," एक मुलगी म्हणाली.

"दमला असेल."

दमलो नाही, कुसुमताई. पोरांनो, एवढं करा. त्या इथे बसल्या आहेत तोवर माझी वायर भिंतीत खोचा. एक फोन त्यांना जोडून देतो.